स्क्रीन लाल झाली तेव्हा: खांद्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनमधली एक केस आणि औषधांचा हिशोब

गुडघ्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनला मांडीला टुर्निके बांधता येतं, रक्त तेवढ्या वेळापुरतं थांबतं आणि सर्जनला स्क्रीनवर सगळं स्वच्छ दिसतं. खांद्याला ती सोयच नाही. पट्टा बांधायला वर जागाच नाही, त्यामुळे जे रक्त यायचं ते येणारच आणि सलाइनमध्ये मिसळून थेट कॅमेऱ्यासमोर येणार. एकूण रक्त खरं तर फार जात नाही, रक्त चढवायची वेळ क्वचितच येते, पण त्या एवढ्याशा जागेत थोडंसं रक्तसुद्धा सगळं चित्र लाल करून टाकतं आणि मग सर्जनच्या हातात शेव्हर (ऊती कापणारं फिरतं हत्यार) चालू आहे आणि समोर काय आहे ते दिसत नाही अशी अवस्था होते. मग थांबा, धुवा, वाट बघा, परत बघा. ऑपरेशन लांबतं, खांद्यात पाणी जास्त मुरतं, सूज वाढते, आणि शिवायचा स्नायू नीट दिसला नाही तर टाके कुठे बसले याचीही खात्री राहत नाही.

मी भूलतज्ज्ञ आहे. या सगळ्यात सर्जनचं पहिलं वाक्य माझ्याकडे येतं ते म्हणजे "मॅडम, बीपी जरा खाली घ्या ना." आणि त्याच वाक्याबद्दल मला इथे लिहायचंय, कारण बीपी खाली घेणं हा दिसण्यासाठीचा सगळ्यात सोपा उपाय वाटतो आणि बसवून ऑपरेशन केलेल्या पेशंटमध्ये तोच सगळ्यात महागात पडू शकतो. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड (झालेली गुठळी टिकवणारं) आणि पाण्यातलं ॲड्रेनालिन (रक्तवाहिन्या आकसवणारं) ही दोन औषधं मला आवडतात ती मुख्यतः याच्यासाठी, की त्यांच्यामुळे मला पेशंटच्या मेंदूच्या वाट्याचं प्रेशर सर्जनच्या स्क्रीनसाठी खर्चावं लागत नाही. एकच केस सविस्तर सांगते, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

पेशंट कोण होत्या

साठी ओलांडलेल्या एक काकू. उजव्या खांद्यात कित्येक महिने दुखणं, हात वर जात नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, एमआरआयमध्ये सुप्रास्पायनेटस (हात वर उचलणारा स्नायू) पूर्ण फाटलेला आणि वरच्या हाडाला, म्हणजे अक्रोमियनला, खाली टोकदार वाढ. सर्जनचा प्लॅन दुर्बिणीतून कफ रिपेअर (खांद्याभोवतीचे फाटलेले स्नायू परत शिवणं) आणि ते हाड थोडं घासून सपाट करणं. बाकी बरीच वर्षं ब्लड प्रेशर, टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन चालू, वॉर्डमधलं नेहमीचं बीपी साधारण 148/86. ईसीजीमध्ये डावा कप्पा जाड झाल्याच्या खुणा, इकोमध्ये पंपिंग चांगलं. क्रिएटिनिन 0.9. पायात गुठळी, फुप्फुसात गुठळी, लकवा, हार्ट अटॅक, फिट यातलं काहीही पूर्वी नाही, आणि हे प्रत्येक मी स्वतः वेगवेगळं विचारलं, कारण "काही आजार आहे का" असं एकदम विचारलं की माणसं बीपी-शुगर सांगतात आणि थांबतात, वीस वर्षांपूर्वी बाळंतपणानंतर पाय सुजला होता ते सांगत नाहीत.

एक गोष्ट मात्र अशी विचारल्यावरच बाहेर आली. दुखतंय म्हणून काकू रोज डायक्लोफेनॅक घेत होत्या, मेडिकलमधून आणून, आणि ते "औषधांच्या" यादीत त्यांनी सांगितलंच नव्हतं कारण त्यांच्या मते ती पेनकिलर, औषध नाही. या गोळ्या प्लेटलेटचं काम मंद करतात. मोठ्या ओपन ऑपरेशनमध्ये त्याचा फरक कळणारही नाही कदाचित, पण इथे आपली लढाईच थेंबांशी आहे. ती बंद करून पॅरासिटामॉलवर आणलं आणि मग काही दिवसांनी ऑपरेशनची तारीख ठेवली. टेल्मिसार्टन ऑपरेशनच्या आदल्या दिवसापासून थांबवलं, कारण ही गोळी अंगात असताना भूल देऊन पेशंटला बसवलं की बीपी असं काही पडतं की नेहमीच्या इंजेक्शनांना दाद देत नाही. ॲम्लोडिपिन सकाळी घोटभर पाण्याबरोबर दिलं.

आधी बसून केलेला हिशोब

सर्जनना बीच चेअर पोझिशन हवी होती, म्हणजे पेशंट जवळजवळ आरामखुर्चीत बसल्यासारखा, डोकं वर. त्यांना त्यात सवय आहे, गरज पडली तर ओपन करणंही सोपं. पण माझ्या दृष्टीने याचा अर्थ असा की मी बीपी दंडावर मोजणार आणि मेंदू त्याच्यापेक्षा वर असणार. दर एक सेंटिमीटर उंचीला साधारण 0.77 मिमी पारा कमी होतो. काकूंच्या बाबतीत बीपीच्या कफची पातळी आणि कानाची पातळी यात पंचवीस सेंटिमीटर अंतर भरेल असा अंदाज होता, म्हणजे मॉनिटरवर जे मीन, म्हणजे सरासरी, प्रेशर दिसेल त्यातून 19 वजा करायचे, तेवढं मेंदूला मिळतंय. कफ जर पोटरीला बांधला तर हा फरक आणखी कितीतरी मोठा होतो, म्हणून पोटरीला बांधायचा नाही हे मी ठरवूनच ठेवलेलं असतं.

आता बघा, सर्जन म्हणतात सिस्टोलिक, म्हणजे बीपीचा वरचा आकडा, नव्वद ठेवा. 90/52 म्हणजे मीन 65 च्या आसपास, वरवर बरं दिसतं, पुस्तकात मीन 65 चालतं असं लिहिलेलं असतं. त्यातून 19 गेले, राहिले 46. आणि हे 46 अशा बाईच्या मेंदूला की जिचं रोजचं मीन 107 आहे. 2005 मध्ये पोल आणि कलन यांनी बसलेल्या अवस्थेतल्या खांद्याच्या ऑपरेशननंतर मेंदूला आणि मज्जारज्जूला इजा झालेल्या चार पेशंटच्या केसेस छापल्या होत्या, तेव्हापासून आमच्या फील्डमध्ये या पोझिशनला बीपी पाडण्याबद्दल सगळे जपून असतात, निदान असायला हवेत. खांदा दुखतोय म्हणून आलेल्या बाईला लकवा झाला तर त्याचं कुठलंही समर्थन माझ्याकडे नाही.

दुसऱ्या बाजूला सर्जनचं म्हणणंही खोटं नाही. मॉरिसन आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये दाखवलं की सिस्टोलिक बीपी आणि खांद्याच्या त्या जागेतलं पाण्याचं प्रेशर यांच्यातला फरक 49 मिमी पारा किंवा त्याहून कमी ठेवला तर रक्त येणं थांबतं. सगळ्या गोष्टीचा गाभा हाच आहे, रक्तवाहिनीतून बाहेर ढकलणारं एक प्रेशर आणि बाहेरून दाबणारं एक प्रेशर. हा फरक कमी करायला दोनच सरळ मार्ग, बीपी खाली घ्या नाहीतर सलाइनच्या पंपाचं प्रेशर वर न्या. पंप वर नेला की पाणी स्नायूंमध्ये, मानेकडे, छातीच्या भिंतीत शिरतं, आणि फार वेळ फार जास्त ठेवला तर मान इतकी सुजू शकते की श्वासनलिकेवर दाब येतो. म्हणजे दोन्ही मार्गांना मर्यादा आहे. औषधं येतात ती इथे, ती या फरकाच्या गणिताबाहेरून मदत करतात. रक्तवाहिनीच आकुंचन पावली किंवा तिच्या तोंडावरची गुठळी टिकली तर जास्त फरकही चालून जातो.

ॲड्रेनालिनचं आमचं प्रमाण साधं आहे, तीन लिटरच्या सलाइनच्या पिशवीत 1 मिलिग्रॅमची एक ॲम्प्यूल, म्हणजे लिटरला 0.33 मिलिग्रॅम. याच प्रमाणावर 2001 मध्ये जेन्सन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला होता आणि त्यात रक्त कमी आणि चित्र स्वच्छ असं दिसलं होतं, नंतरच्या अभ्यासांतही साधारण तेच निघालं. खांद्याच्या ऑपरेशनमध्ये दिसण्यासाठी जी औषधं वापरतात त्यात सगळ्यात भक्कम पुरावा ॲड्रेनालिनच्या बाजूने आहे असं माझं स्पष्ट मत आहे. धोका आहे तो प्रमाणाचा आणि मिसळण्याचा. ॲम्प्यूल पिशवीच्या तोंडाशी टाकली आणि पिशवी उलटीपालटी न करता लटकवली तर पहिल्या काही मिनिटांत जवळजवळ न मिसळलेलं ॲड्रेनालिन खांद्यात जाऊ शकतं, आणि ॲड्रेनालिन जास्त जाऊन हृदयाचे ठोके भयंकर बिघडल्याच्या केसेस छापून आलेल्या आहेत. काकूंचं हृदय जाड भिंतीचं, म्हणून मी सिस्टरना प्रत्येक पिशवी माझ्यासमोर हलवायला सांगितली, आणि ॲड्रेनालिन घातलेल्या पिशवीवर लाल पेनाने पट्टी लावायची असं ठरलं. ही पट्टी पुढे महत्त्वाची ठरली.

ट्रॅनेक्झॅमिकबद्दल थोडं जास्त लिहावं लागेल कारण तिथे गैरसमज जास्त आहेत. हे औषध जपानमधल्या उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने 1962 मध्ये जगासमोर आणलं. पुष्कळ जण, डॉक्टरसुद्धा, याला "रक्त गोठवणारं औषध" म्हणतात. ते गोठवत नाही. जखमेच्या तोंडाशी शरीर स्वतःच फायब्रिनची जाळी विणून गुठळी करतं आणि लगेच दुसऱ्या बाजूने प्लाझमिन नावाचं एन्झाइम ती जाळी तोडायला लागतं. प्लाझमिनोजेनला (प्लाझमिन ज्यापासून बनतं ते) फायब्रिनवर बसायला ज्या जागा लागतात त्या ट्रॅनेक्झॅमिक अडवून धरतं, त्यामुळे तोडफोड मंदावते आणि झालेली गुठळी टिकते. खांद्याच्या दुर्बिणीत आपण लिटरच्या लिटर सलाइन वाहवत असतो, गुठळीला बसायला मुळात फुरसत नाही, मग जी काही बसली ती तरी टिकावी एवढीच अपेक्षा. म्हणून औषध चीर घेण्याच्या आधी रक्तात पोचलेलं हवं. आणि म्हणूनच कापलेल्या धमनीतून पिचकारीसारखं रक्त येत असेल तर ट्रॅनेक्झॅमिक तिथे काहीच करू शकत नाही, ती जाळावीच लागते.

पुरावा म्हणाल तर अपघातात, बाळंतपणात, गुडघा-खुबा बदलण्यात याचा उपयोग चांगला सिद्ध झालाय. 2022 मध्ये पॉइज-3 नावाचा 9,535 पेशंटचा अभ्यास आला, हृदयाची सोडून इतर ऑपरेशन्स, त्यात मोठा रक्तस्राव औषध घेतलेल्यांत 9.1 टक्के आणि न घेतलेल्यांत 11.7 टक्के होता. हृदय आणि रक्तवाहिन्यांचे त्रास 14.2 विरुद्ध 13.9 टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच, पण "नक्की जास्त नाहीत" हे त्यांनी आधी ठरवलेल्या कडक निकषावर सिद्ध झालं नाही, हेही सांगायला हवं. खांद्याच्या दुर्बिणीत मात्र चित्र मिश्र आहे. काही अभ्यासांत सर्जननी दिलेले मार्क चांगले वाढले, काहींत फरकच दिसला नाही, आणि पाण्यात ॲड्रेनालिन आधीच असेल तर वरून ट्रॅनेक्झॅमिकने किती भर पडते हा प्रश्न खुलाच आहे. मग काकूंना का दिलं? कारण त्यांच्या बाबतीत बीपी पाडायचा मार्ग मी बंद करत होते, त्यांना गुठळीचा किंवा फिटचा इतिहास नव्हता, किडनी चांगली होती, आणि एका डोसचा धोका अशा पेशंटमध्ये कमी आहे. फायदा छोटा असला तरी मला तो हवा होता.

ओटीमध्ये

आधी जागेपणी सोनोग्राफीखाली मानेतला इंटरस्केलीन ब्लॉक, म्हणजे खांदा बधिर करणारं इंजेक्शन, मुद्दाम कमी व्हॉल्यूमने, कारण या ब्लॉकने त्या बाजूचा श्वासपटल ढिला पडतो. ब्लॉकच्या वेळी ट्रॅनेक्झॅमिकच्या ॲम्प्यूल ट्रॉलीवर येऊच द्यायच्या नाहीत हा माझा हट्ट असतो आणि तो मी सोडणार नाही. ब्लॉकचं औषध आणि ट्रॅनेक्झॅमिक दोन्ही पाण्यासारखी स्वच्छ, ॲम्प्यूल कधी कधी दिसायलाही सारख्या. भुलीच्या औषधाऐवजी ट्रॅनेक्झॅमिक पाठीच्या मणक्यात दिलं गेल्याच्या घटना जगभर झाल्यात, पेशंट फिट येऊन दगावलेत, डब्ल्यूएचओला 2022 मध्ये त्याबद्दल इशारा काढावा लागला. आमच्याकडे ब्लॉक संपला, ट्रे उचलून नेला, मगच फ्रिजवरच्या वेगळ्या खोक्यातून 500 मिलिग्रॅमच्या दोन ॲम्प्यूल आणल्या, शंभर मिलि सलाइनमध्ये घातल्या आणि दहा मिनिटांत हळूहळू सोडल्या. घाईने दिलं तर बीपी पडतं. एक ग्रॅम, एकदाच. हाफ-लाइफ (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) साधारण दोन तासांचा आहे, ऑपरेशन दीड तासाचं धरलेलं, दुसरा डोस लावायचं कारण नव्हतं.

मग भूल, नळी, आणि टप्प्याटप्प्याने बसवणं, एकदम नाही. कार्बन डायऑक्साइड नॉर्मलला ठेवला, तो कमी झाला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आपण तिकडे आधीच काटकसरीत असतो. कफ डाव्या दंडावर, दर अडीच मिनिटांनी. बीपी 112/68 च्या आसपास स्थिरावलं, मीन 83, मेंदूकडे 64. मला हे चाललं असतं, याच्याखाली मला जायचं नव्हतं, आणि सर्जनना मी हे आधीच सांगितलेलं होतं. त्यांनीही मान्य केलं होतं की दर पंधरा मिनिटांनी ते दिसण्याला दहापैकी मार्क देतील म्हणजे नंतर "आज छान दिसलं" किंवा "आज काही दिसत नव्हतं" असल्या आठवणींवर बोलायला नको.

सांध्याच्या आतला भाग झकास गेला, पंप 50 वर, मार्क 9. तिथून कॅमेरा वरच्या जागेत, अक्रोमियनच्या खाली. ही जागा सांध्यासारखी बंद नाही, तिथे बर्सा (स्नायू आणि हाड यांच्यातली मऊ पिशवी) असते आणि बर्सा म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांची जाळीच, आणि पुढच्या कोपऱ्यात कोराकोअक्रोमियल लिगामेंटजवळून थोरॅकोअक्रोमियल धमनीची फांदी जाते. खांद्यातली बहुतेक लाल स्क्रीन याच कोपऱ्यात होते. बर्सा साफ करताना मार्क 8. हाड घासायला सुरुवात झाली, बर (हाड घासणारं फिरतं टोक) फिरायला लागला, आणि पाच-सात मिनिटांत स्क्रीन आधी गुलाबी मग सरळ लाल. बाहेर जाणाऱ्या नळीतलं पाणी मी बघत होते, तेही फिकट गुलाबीवरून गडद झालं. सर्जनचा बर थांबला. मार्क 3.

"मॅडम, काहीच दिसत नाहीये. नव्वदला आणता येईल का, दहा मिनिटंच?"

मॉनिटरवर तेव्हा 132/76 होतं. म्हणजे त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर होतं, बीपी खरंच चढलेलं होतं आणि पंपच्या 50 शी फरक 82 झाला होता. मागच्या पोर्टलच्या (दुर्बीण आत घालायच्या भोकाच्या) बाजूची त्वचा इंटरस्केलीन ब्लॉकमध्ये नेहमी नीट येत नाही, हाडावर बर लागल्यावर भूल थोडी हलकी पडली असणार. मी म्हटलं, "सर, 115 पर्यंत आणते, नव्वद नाही. तोवर एक मिनिट बाकीचं बघूया." भुलीचा गॅस वाढवला, फेंटानिल या वेदनाशामकाचा छोटा डोस दिला. बीपी उतरवणारं वेगळं औषध लावलं नाही. वेदनेने चढलेलं बीपी वेदना घालवून खाली आणणं आणि नॉर्मल बीपी औषधाने खाली दाबणं या माझ्या लेखी दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत.

"बाकीचं बघूया" यातून दोन गोष्टी सापडल्या. सिस्टरनी वर बघितलं आणि म्हणाल्या, "सर, या पिशवीवर लाल पट्टी नाही." वाय-कनेक्टरवर दोन पिशव्या लटकलेल्या असतात, एक संपली की दुसरी आपोआप चालू होते, आणि ही तिसरी पिशवी घाईत साधी लागली होती. म्हणजे हाड उघडं पडलं नेमक्या त्याच वेळेपासून ॲड्रेनालिन बंद. यात कोणावर ओरडण्यासारखं काही नाही, अंधारलेल्या ओटीत, वर टांगलेल्या पिशव्या, सगळ्यांचं लक्ष स्क्रीनवर, हे कुठेही होतं. पट्टी होती म्हणून कळलं तरी. नाहीतर आम्ही बीपी पाडत बसलो असतो आणि कारण डोक्यावर लटकत राहिलं असतं.

दुसरी गोष्ट सर्जनच्या लक्षात आली. बाजूच्या पोर्टलमधून कॅन्युला (भोकात बसवलेली नळी) काढलेली होती आणि तिथून पाणी जोरात बाहेर येत होतं. भोकातून पाणी वेगाने सुटलं की आतल्या त्या भागात खळबळ होते आणि तो प्रवाह रक्तवाहिन्यांच्या तोंडातून रक्त अक्षरशः ओढून काढतो, 2001 मध्ये बर्कहार्ट यांनी हेच दाखवलं होतं आणि उपाय काय, तर भोकावर बोट ठेवा. असिस्टंटने बोट ठेवलं. बघता बघता स्क्रीनच्या मध्यभागी स्वच्छ पट्टा दिसायला लागला. कुठलंही औषध एवढ्या झटकन काम करत नाही, हे मी औषधांवर लिहिताना मुद्दाम सांगतेय.

मग पिशवी बदलली, ॲड्रेनालिन घातलेली, हलवलेली. पंप थोड्या वेळासाठी 65 वर. बीपी 116/68 झालं, मीन 84, मेंदूकडे 65, आणि फरक 116 वजा 65 म्हणजे 51, मॉरिसनच्या आकड्याच्या अगदी शेजारी, तेही बीपी नव्वदला न आणता. तेवढ्या उजेडात सर्जनना पुढच्या कोपऱ्यातली उसळणारी वाहिनी दिसली आणि त्यांनी ती आरएफ प्रोबने जाळली. मार्क 8. पंप लगेच 50 वर परत आणला, तो वर ठेवून विसरून जाणं ही फार नेहमीची चूक. पुढे अँकर (टाके हाडात धरून ठेवणारे खिळे), टाके, सगळं 8-9 मध्ये झालं. ठोके पूर्ण वेळ नियमित, ॲड्रेनालिनची पिशवी परत चालू झाल्यावर मी मुद्दाम पाच मिनिटं ईसीजीवरून नजर हलवली नाही.

नळी काढण्याआधी मान हाताने चाचपली. खांद्यावर आणि कॉलरबोनच्या वर सूज होती, मऊ, मानेच्या मधल्या भागापर्यंत नव्हती. श्वासनळीतल्या नळीच्या कफमधली (फुग्यातली) हवा सोडून नळीच्या बाजूने हवा जातेय हे ऐकलं आणि मगच काढली. काकू जाग्या झाल्यावर दोन्ही पाय हलवून दाखवायला लावले, डाव्या हाताची मूठ, स्वतःचं नाव, चेहरा सरळ. रूटीन वाटतं पण बीच चेअरनंतर हे मी रिकव्हरीत न्यायच्या आधीच करते. दुसऱ्या दिवशी घरी, पोटऱ्या मऊ, पुढच्या दोन्ही तपासण्यांना गुठळीची काही लक्षणं नाहीत.

मग ट्रॅनेक्झॅमिकने काय केलं?

एका केसवरून सांगता येत नाही. सर्जन नंतर म्हणाले, "ते इंजेक्शन भारी आहे, यापुढे सगळ्यांना देऊ." मी त्यांना आमचाच कागद दाखवला. औषध अंगात होतं तेव्हाही मार्क 3 झालेच की. ते वर आले तेव्हा पाच मिनिटांत पाच गोष्टी बदलल्या होत्या, पिशवी, बोट, पंप, भूल, आरएफ, आणि ट्रॅनेक्झॅमिक या पाचात नव्हतंच, ते आधीपासून होतं तसंच होतं. ते नसतं तर 3 ऐवजी 1 झाले असते का, साफ व्हायला जास्त वेळ लागला असता का, असेलही, पण तसं म्हणायला माझ्याकडे आधार नाही. जे दिसलं ते एवढंच की ॲड्रेनालिन थांबलं, बीपी चढलं, पाणी गळायला लागलं आणि तिन्ही मिळून पडलेला खड्डा ट्रॅनेक्झॅमिक एकट्याने भरून काढू शकलं नाही.

तरी अशाच पेशंटला मी ते परत देईन. जुनं बीपी, बसलेली पोझिशन, हाड घासायचंय, कफ शिवायचाय, वेळ लागणार आहे. छोट्या डायग्नोस्टिक दुर्बिणीला देणार नाही, तिथे फरक पडायला रक्तच नसतं. किडनी कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो, कारण औषध जवळजवळ पूर्ण लघवीतूनच बाहेर पडतं आणि अंगात साठलं तर फिट येऊ शकते. आधीपासून फिटचा आजार असेल तर मी टाळते. पायात किंवा फुप्फुसात चालू गुठळी असेल तर अजिबात नाही, आणि अलीकडे स्टेंट बसवलेल्या पेशंटमध्ये फक्त स्क्रीन थोडी स्वच्छ दिसावी म्हणून हे औषध द्यायला माझं मन धजत नाही. कोणी विचारेल, मग शिरेतून न देता पाण्यातच का घालत नाही? काही ठिकाणी घालतात, त्यावर अभ्यासही झालेत. पण प्रमाण किती ठेवायचं यावर अजून एकमत नाही, आणि लॅबमध्ये 100 मिलिग्रॅम प्रति मिलि, म्हणजे ॲम्प्यूलमधलं न पातळ केलेलं औषध, कूर्चेच्या पेशींना मारक ठरलेलं आहे. पातळ केल्यावर तो धोका खूपच कमी होतो हे खरं, पण शिरेतून एक ग्रॅम देण्याची पद्धत इतकी सरळ आहे की मला पाण्यात दुसरं औषध घालून सिस्टरचं काम आणि चुकीची शक्यता दोन्ही वाढवायचं नाही. आधीच एका पिशवीत काय आहे हे कळायला लाल पट्टी लागतेय.

आता आमच्याकडे पिशव्या लटकवण्याआधीच सगळ्या भरून, हलवून, पट्टी लावून रांगेत ठेवतात, आणि साधी सलाइनची पिशवी त्या स्टँडजवळ ठेवायचीच नाही असं ठरलंय. स्क्रीन लाल झाली की मी बीपीचं बटण दाबून आकडा मोठ्याने सांगते, सिस्टर पट्टी बघतात, असिस्टंट पोर्टलं बघतो, सर्जन पुढच्या कोपऱ्यात बघतात. हे सगळं झाल्यावरही चित्र लालच राहिलं तर मग मी आणि सर्जन बीपीबद्दल बोलतो, आणि तेव्हाही दंडावरच्या आकड्यातून डोक्याची उंची वजा करूनच.